विरघळलेलं दिसत नाही, पण असतंच
आरोग्य पान : घरात आणि विहारात करून पाहण्याचा धडा



पावसाळा लागला की आपल्या वस्त्यांमधून एकच तक्रार ऐकू येते. लेकराला हगवण लागली, उलट्या होतात, पाणीही पोटात ठरत नाही. आम्ही घरी गेलो की आधी विचारतो, "पाणी कोणतं पिता?" उत्तर ठरलेलं असतं, "हापसीचं. एकदम साफ आहे जी, तळ दिसते." दुसरा प्रश्न, "ओआरएस दिलं का?" त्यालाही उत्तर असतं, "दिलं ना, पुडी आणली होती." आणि तरीही लेकरू मलूल पडलेलं असतं.

या दोन्ही उत्तरांच्या मागे एकच गैरसमज आहे. पाण्यात विरघळलेली वस्तू म्हणजे संपलेली वस्तू, असं आपण धरून चालतो. ती डोळ्याला दिसत नाही म्हणून तिचा हिशेबही आपण ठेवत नाही. हा गैरसमज काढायला भाषण पुरत नाही. म्हणून पवनी तालुक्यातल्या एका वस्तीत रविवारची वंदना झाल्यावर आम्ही विहारातच मुलांचा एक वर्ग घेतला. पाचवी ते नववीची मुलं पुढे, आया आणि आज्या मागे. सामान सगळं घरातलंच होतं: स्टीलचं ताट, काचेचे पेले, मीठ, साखर, शाई, काकडी आणि किराणा दुकानातून तासाभरासाठी मागून आणलेला वजनकाटा. जे केलं ते इथे क्रमाने देत आहोत. वाचून ठेवून देऊ नका, घरी करून पाहा.

पहिला प्रयोग : भरलेल्या पेल्यात मीठ

ताटात पेला ठेवला आणि काठोकाठ पाणी भरलं. आणखी थेंब टाकला तर सांडेल असं वाटण्याइतकं. मग मुलांना विचारलं, "यात चहाच्या चमच्याने मीठ टाकायचं आहे. कितव्या चमच्याला पाणी सांडेल?" बहुतेकांनी ओरडून सांगितलं, पहिल्याच! एक दोघे म्हणाले, दुसऱ्या.

सातवीतल्या एका मुलीने सपाट चमचा मीठ घेतलं आणि चिमटी चिमटीने, पाणी न हलवता, पेल्यात सोडलं. पहिला चमचा संपला. सांडलं नाही. दुसरा संपला. ताट कोरडंच. तिसरा चमचा जाईपर्यंत सगळी मुलं पेल्याभोवती गोळा झाली होती. पाणी काठाच्या वर थोडं फुगलेलं दिसत होतं, पण खाली आलेलं नव्हतं. मागून एका आजीने विचारलं, "काहून सांडलं नाही जी? मीठ गेलं कुठी?"

आजीचा हा प्रश्न म्हणजेच आजचा धडा.

पाणी न सांडण्याची कारणं तीन आहेत. पहिलं, पाण्याचे कण एकमेकांना धरून असतात, त्यामुळे पाण्याच्या वरच्या थराला ताण असतो आणि काठाच्या वर थोडं पाणी फुगून उभं राहू शकतं. दुसरं, चमच्यात दिसणारा मिठाचा ढीग सगळा मिठाचा नसतो. दाण्यादाण्यांच्या मधल्या फटींत हवा असते. तिसरं आणि आपल्या कामाचं कारण असं की मीठ पाण्यात गेलं की त्याचा दाणा फुटतो. नुसता बारीक होत नाही, तर अगदी मूळ कणांपर्यंत सुटा होतो. मिठाचे हे कण म्हणजे सोडियम आणि क्लोराइड. पाण्याचे कण त्यांना चारी बाजूंनी वेढतात, आणि पाण्याला चिकटून ते इतके दाटीने बसतात की दाण्याच्या रूपात जेवढी जागा लागत होती त्यापेक्षा कमी जागा लागते. बोरांनी भरलेल्या टोपलीत मूठभर तांदूळ टाकले तर टोपलीला शीग चढत नाही, साधारण तसंच.

आता मीठ गेलं कुठे? वजनकाटा आणला होता तो यासाठीच. रिकाम्या भांड्यात २०० ग्रॅम पाणी मोजून घेतलं. वेगळ्या कागदावर २० ग्रॅम मीठ मोजलं. मीठ पाण्यात टाकून ढवळलं. दाणा दिसेनासा झाला, पाणी पुन्हा नितळ झालं. काट्यावर ठेवलं तेव्हा आकडा आला २२०. एक ग्रॅमही हरवला नाही.

फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : जे विरघळतं ते लपतं, संपत नाही.

दुसरा प्रयोग : तीन नितळ पेले

मग तीन पेले ओळीने मांडले. एकात वस्तीतल्या हापसीचं पाणी, दुसऱ्यात विकतच्या कॅनचं, तिसऱ्यात मीठ विरघळवलेलं. पेल्यांवर फक्त १, २, ३ असे आकडे. मुलांना म्हटलं, "चाखायचं नाही, वासही घ्यायचा नाही. नुसतं बघून सांगा, सगळ्यात साफ कोणतं?" कुणी १ म्हणालं, कुणी ३. मिठाच्या पाण्याला बरीच मतं पडली!

त्यानंतर तीन स्वच्छ स्टीलच्या वाट्यांत प्रत्येक पेल्यातलं दोन दोन चमचे पाणी घेतलं आणि मंद आचेवर आटवलं. ऊन असेल तर उन्हातही आटतं, फक्त वेळ लागतो. पाणी उडून गेल्यावर तिसऱ्या वाटीत पांढरी खपली राहिली. हापसीच्या पाण्याच्या वाटीत काठाला पातळ पांढरं कडं दिसलं. कॅनच्या पाण्याच्या वाटीत जवळपास काहीच नाही.

हे कडं आपल्या ओळखीचंच आहे. आंघोळीचं पाणी तापवायच्या भांड्यात जी पांढरी खपली बसते ती हीच. जमिनीत मुरताना पाणी दगडमातीतले क्षार विरघळवत खाली जातं आणि हापसीतून वर येताना ते सोबत घेऊन येतं.

इथे घाबरायचं कारण नाही. क्षार आहेत म्हणजे पाणी वाईट, असं नाही. कॅल्शियम, मॅग्नेशियम शरीराला लागतात, आणि पाण्याची चवही त्यांच्यामुळेच असते. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण विरघळलेले क्षार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेता येतात. आता हिशेब करा. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम म्हणजे १५ लिटरच्या बादलीत साडेसात ग्रॅम, चहाच्या एका सपाट चमच्यापेक्षा जास्त. एवढे क्षार असूनही बादलीचा तळ स्वच्छ दिसतो. म्हणजे "तळ दिसते" ही पाण्याची परीक्षा होऊच शकत नाही.

काही क्षार मात्र थोडेही जास्त झाले तर घात करतात. पहिला फ्लोराइड. त्याची मर्यादा लिटरमागे १ मिलिग्रॅम, आणि दुसरं पाणी नसेल तर फार तर दीड. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. जास्त फ्लोराइडचं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं की वाढत्या मुलांच्या दातांवर पिवळे तपकिरी डाग पडतात, पुढे सांधे आणि पाठीचा कणा आखडतो. आपल्या विदर्भात चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांतल्या काही गावांनी हे भोगलं आहे. दुसरा नायट्रेट. त्याची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम. शेतातलं खत, शेणाचे उकिरडे, संडासाचे शोषखड्डे यांतून तो जमिनीत मुरतो. तान्ह्या बाळाला असं पाणी पाजलं किंवा त्यात दूध कालवून दिलं, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि ओठ, नखं निळी पडू शकतात. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचं दूध द्या, वरचं पाणीही नको, असं आम्ही सांगतो त्यामागे हेही एक कारण आहे.

तिसरा प्रयोग : शाईचा एक थेंब

पहिल्या पेल्यात निळ्या शाईचा एक थेंब टाकून ढवळला. पाणी निळं झालं. त्यातलं एक चमचा पाणी दुसऱ्या पेल्यातल्या साध्या पाण्यात टाकलं. फिकट निळी छटा आली. दुसऱ्यातलं एक चमचा तिसऱ्यात टाकलं. तिसरा पेला पांढऱ्या कागदापुढे धरला तरी निळं काही दिसेना.

मुलांना विचारलं, "या तिसऱ्या पेल्यात शाई आहे का?" निम्मे म्हणाले नाही. एक मुलगा उठून म्हणाला, "आहे. आपण टाकली ना सर." तो बरोबर होता. पेला २०० मिलिलिटरचा आणि चमचा ५ मिलिलिटरचा धरला, तर शाई दर वेळी सुमारे ४० पट पातळ होते. दोन वेळांत सुमारे १६०० पट. पातळ झाली, गेली नाही.

धान शेतीवर कामाला जाणाऱ्या घरांनी हा प्रयोग नीट ध्यानात ठेवावा. कीटकनाशकाचा रिकामा डबा तीनदा विसळला, वास गेला, म्हणून त्यात पाणी भरून शेतावर नेऊ नका. तेल, दूध काहीही त्यात ठेवू नका.

पातळ होण्याचा मुद्दा भगवान बुद्धांच्या उपदेशातही आहे. अंगुत्तर निकायात लोणफल सुत्त आहे. लोण म्हणजे मीठ. मिठाचा खडा वाटीभर पाण्यात टाकला तर ते पाणी पिण्यालायक राहत नाही, तोच खडा गंगेत टाकला तर गंगा खारट होत नाही, असा त्यातला दाखला. तिथे तो माणसाच्या कर्माविषयी दिला आहे, आपण इथे त्यातली पाण्याची बाजू तेवढी घेऊ. मीठ दोन्हीकडे तेवढंच आहे, फरक पाण्याच्या प्रमाणाचा आहे. औषध की विष, चव की खारटपणा, हे विरघळलेली वस्तू किती आणि पाणी किती यावर ठरतं.

पण या दाखल्याचा आधार घेऊन "नदी मोठी आहे, सगळं वाहून जाते" असं म्हणणं चुकीचं आहे. आपल्या वैनगंगेचंच बघा. नागपूर शहराचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला मिळतं आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं. पवनीजवळ गोसेखुर्द धरणात पाणी अडलं की नदीची वाहती धार राहत नाही, फुगवटा तयार होतो. एकेक खडा टाकणारे लाखो असले आणि पाणी थांबलेलं असलं, तर गंगाही वाटीसारखी होते.

गाळ, जंतू आणि क्षार : तिघांना तीन उपाय

वर्गात इथवर आल्यावर एका ताईने विचारलं, "मंग आम्ही उकळून पितो, त्यानं हे सारं जाते ना?" प्रश्न अगदी नेमका होता. पाण्यात तीन वेगळ्या गोष्टी असतात आणि त्यांना एकच उपाय चालत नाही.

गाळ विरघळलेला नसतो. तो तरंगतो, म्हणून पाणी गढूळ दिसतं. तुरटी फिरवून पाणी काही तास स्थिर ठेवलं की गाळ खाली बसतो. वरचं पाणी स्वच्छ कपड्याच्या चार पदरांतून गाळून घ्यावं. पण एवढ्याने जंतू मरत नाहीत.

जंतूही विरघळलेले नसतात. ते जिवंत असतात, पण इतके बारीक की नितळ पाण्यात दिसत नाहीत आणि कपड्यातून सहज पार होतात. त्यांना मारायला पाणी खळखळून उकळावं आणि उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट तशीच राहू द्यावी. नाहीतर क्लोरीनचं द्रावण किंवा गोळी वापरावी. ते आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात विचारावं, बाटलीवर लिहिलं असेल तेवढंच टाकावं आणि अर्धा तास थांबून मग प्यावं. ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर याच कामाची. तिचा किंचित वास येतो म्हणून ते पाणी टाकून देऊ नका. तो वास म्हणजे औषध पाण्यात शिल्लक असल्याची खूण आहे.

क्षार तेवढे खरे विरघळलेले असतात. तुरटीने ते बसत नाहीत, कपड्याने गाळले जात नाहीत, क्लोरीनने जात नाहीत. उकळल्याने जड पाण्यातला काही चुना खपलीच्या रूपात भांड्याला बसतो, पण फ्लोराइड आणि नायट्रेट जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे लिटरमागचं त्यांचं प्रमाण वाढतं. आपल्या मिठाच्या वाटीत हेच दिसलं : पाणी उडालं, मीठ राहिलं. म्हणून जंतूंसाठी पाणी जरूर उकळा, पण ज्या हापसीच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळलं असेल तिचं पाणी पिण्यास आणि स्वयंपाकास वापरूच नका. धुण्याभांड्याला वापरा आणि पिण्यासाठी दुसऱ्या स्रोताची मागणी करा.

पाण्यात काय मिसळतं आणि काय मिसळत नाही, हा प्रश्न आपल्या समाजाने फार मोठी किंमत देऊन ऐरणीवर आणला आहे. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब आणि त्यांच्यासोबतचे हजारो लोक ओंजळभर पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळं बाटलं म्हणून त्याचं 'शुद्धीकरण' केलं. तळ्यातलं पाणी १०८ घागरींत काढून त्यात दही, दूध, शेण आणि गोमूत्र कालवलं आणि मंत्र म्हणत ते परत तळ्यात ओतलं. विज्ञानाच्या वर्गात हा प्रसंग मुलांपुढे ठेवला तर आठवीचं पोरगंही उत्तर देतं. माणसाच्या हातातून जात पाण्यात विरघळत नाही. शेण मात्र पाण्यात मिसळतं आणि जंतूही सोबत नेतं. तळं बाटलं असेल तर त्या शुद्धीकरणाने बाटलं. पाण्याच्या त्या हक्काचा निकाल मुंबई उच्च न्यायालयात लागायला १७ मार्च १९३७ उजाडावं लागलं.

चौथा प्रयोग : काकडीला मीठ

आता ओआरएसकडे येऊ. इथे विरघळण्याची गोष्ट थेट लेकराच्या जिवाशी येऊन भिडते.

काकडीच्या चकत्या केल्या. निम्म्या ताटलीत तशाच ठेवल्या, निम्म्यांवर मीठ भुरभुरवलं. दहा मिनिटांत मिठाच्या चकत्यांना पाणी सुटलं. सगळ्या बाया हसल्या, कोशिंबीर करताना हे रोज बघतो म्हणाल्या. कारण असं की काकडीच्या आतल्यापेक्षा बाहेर मिठाचं प्रमाण जास्त झालं, आणि पाणी नेहमी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे ओढलं जातं.

त्या दिवशी मागे बसलेली एक तरुण आई हे बघून गप्प झाली. मग तिने आपणहून सांगितलं. गेल्या पावसाळ्यात दीड वर्षाच्या लेकराला हगवण लागली. ओआरएसची मोठी पुडी आणली आणि एकाच पेल्यात कालवून पाजली, कारण लेकरू एवढं लहान, लिटरभर पाणी कुठून पिणार? हगवण वाढली, लेकरू जास्तच सुस्त झालं, शेवटी दवाखान्यात सलाईन लागलं. "पुडी तर पूरीच देली होती जी," ती म्हणाली.

चूक तिची एकटीची नाही. तिला पुडी देणाऱ्याने पाणी किती ते सांगितलं नव्हतं. लिटरची पुडी २०० मिलिलिटरच्या पेल्यात टाकली की द्रावण पाचपट दाट होतं. आतड्यात ते काकडीवरच्या मिठासारखं वागतं. शरीराला पाणी देण्याऐवजी शरीरातलंच पाणी आतड्यात ओढून घेतं. उलट पुडी थोडी थोडी करून दहा वेळा पाण्यात टाकली तर द्रावण इतकं पातळ होतं की गेलेलं मीठ भरून निघत नाही.

प्रमाण बरोबर असलं की काय होतं, हे इतिहासाने दाखवलं आहे. १९७१ च्या बांगलादेश युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि खायचा सोडा मोजून पुड्या भरून घेतल्या. लिटरला ग्लुकोज २२ ग्रॅम, मीठ साडेतीन ग्रॅम, सोडा अडीच ग्रॅम. हे पाणी पिंपांत कालवून ठेवलं आणि रुग्णांच्या नातेवाइकांनीच ते पाजलं. जिथे शंभरातले तीसजण दगावत होते, तिथे हे प्रमाण चारच्या खाली आलं. यंत्र नाही, सुई नाही, फक्त मोजून विरघळवलेलं मीठ आणि साखर.

साखर कशाला, असं मुलं विचारतात. आतड्याच्या अस्तरात एक दार असं आहे की ते ग्लुकोज आणि सोडियम दोघे सोबत आले की दोघांना आत घेतं. त्यांच्या मागोमाग पाणी आत जातं. हगवणीतही हे दार बहुधा चालू राहतं. नुसतं पाणी किंवा नुसतं मीठ दिलं तर एवढं काम होत नाही.

ओआरएस असं करा

• पुडीवर किती पाणी लिहिलं आहे ते वाचा. मोठी पुडी १ लिटरची असते, लहान पुडी २०० मिलिलिटरची. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलाकडून वाचून घ्या.
• साबणाने हात धुवा. उकळून गार केलेलं पाणी मोजून घ्या. लिटरची बाटली मापाला चालते.
• अख्खी पुडी एकदाच टाका, दाणा दिसेनासा होईपर्यंत ढवळा. वरून साखर, मीठ, सरबत काही घालू नका. कालवल्यावर उकळू नका.
• झाकून ठेवा. २४ तासांनंतर उरलेलं फेकून द्या, नवीन करा.
• लेकराने पूर्ण लिटर एका दमात प्यायचं नसतं. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिलिलिटर, म्हणजे पाव ते अर्धा पेला, चमच्या चमच्याने द्या. दोन ते दहा वर्षांच्या मुलाला अर्धा ते एक पेला. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा आणि मग आणखी सावकाश द्या.
• पुडी नसेल तर १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाटच हवा, शीग नको. थेंब जिभेवर ठेवून पाहा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्या.
• सहा महिन्यांवरच्या मुलाला आपल्या घरातली पातळ भाताची पेज किंचित मीठ घालून द्या. ताकही चालतं. अंगावरचं दूध आणि जेवण बंद करू नका.
• आशाताईंकडून झिंकच्या गोळ्या घ्या. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज १० मिलिग्रॅम, त्यावरच्या मुलाला २० मिलिग्रॅम, १४ दिवस. हगवण थांबली तरी कोर्स पूर्ण करा.
• खोक्यातल्या गोड फळपेयांना ओआरएस समजू नका. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे असं लिहिलेलं आहे का ते बघा.

लेकरू पिईना, डोळे खोल गेले, खूप झोपाळलं, लघवी बंद झाली, शौचातून रक्त पडलं, किंवा बाळ दोन महिन्यांच्या आतलं असलं, तर वाट पाहू नका. थेट दवाखान्यात न्या आणि रस्त्याने ओआरएस पाजत राहा.

आता काम आपलं

हापसीच्या पाण्यात काय विरघळलं आहे हे डोळ्याला कळत नाही, पण तपासून कळतं. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणीच्या संचाचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या पाचजणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. त्यांत आपल्या वस्तीतली कुणी नसेल तर नाव सुचवा. स्रोताची रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची तपासणी पावसाळ्याआधी व नंतर अशी दोनदा व्हायला हवी. ग्रामसभेत उभं राहून नम्रपणे पण स्पष्ट मागा : "आमच्या वस्तीतल्या हापसीचा अहवाल दाखवा. तारीख काय, फ्लोराइड किती, नायट्रेट किती?" गावातल्या बाकीच्या स्रोतांचा अहवाल आहे आणि आपल्या वस्तीचाच नाही, असं आढळलं तर ते लेखी विचारा.

वर्ग संपल्यावर त्या आजीने मिठाचा पेला उचलून पुन्हा एकदा उजेडात धरला. "दिसत नाही, पण हाय," असं म्हणून खाली ठेवला. नुसतं कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही कालाम लोकांना दिलेली बुद्धांची शिकवण आपण वंदनेनंतर अनेकदा ऐकतो. पाण्याच्या बाबतीत ती पाळायला एक वाटी, एक चमचा आणि मोजण्याची सवय एवढंच लागतं.

पुढच्या रविवारी आपल्या विहारात मुलांकडून हे चारही प्रयोग करून घ्या. ओआरएस कालवण्याचं काम प्रत्येक आईने आणि प्रत्येक बापानेही एकदा स्वतःच्या हाताने करावं. वेळ येते तेव्हा पुडी वाचत बसायला सवड नसते.

जयभीम. नमो बुद्धाय.